'चिनी' म्हणजे नेमकं कोण?

जपानमधलं सेंडाई शहर, साल १९०६. वैद्यकीय शाळेत जंतुशास्त्राचा तास चालू आहे. जंतू कसे दिसतात हे दाखवायला काचेवरची चित्रं दिव्याच्या उजेडाने पडद्यावर पाडली जातात. तास संपायला थोडा वेळ उरला की मास्तर त्याच यंत्रावर कधी निसर्गदृश्यं दाखवतात, कधी युद्धाची चित्रं. जपान आणि रशियाचं युद्ध नुकतंच होऊन गेलंय, आणि ते लढलं गेलं चीनच्या जमिनीवर, मांचुरियात. एक दिवस पडद्यावर एक चित्र येतं. मधोमध बांधून ठेवलेला एक चिनी माणूस. रशियासाठी हेरगिरी केली म्हणून जपानी सैनिक आता त्याचं मुंडकं उडवणार आहेत. भोवती कोंडाळं करून उभे असलेले लोकही चिनीच. अंगाने धडधाकट, चेहऱ्यावर काही नाही. बघायला आलेले.

वर्गातले जपानी विद्यार्थी टाळ्या वाजवतात. त्यांच्यातच एक चिनी विद्यार्थी बसलेला असतो. शरीर धट्टंकट्टं असून मनच बधिर असेल तर औषध देऊन काय उपयोग, असं त्याला वाटतं. डॉक्टर होण्याचा विचार सोडून तो तोक्योला निघून जातो, साहित्य करायला. त्याचं नाव चौ शूरन. जग त्याला लू शुन या टोपणनावाने ओळखतं, आणि आधुनिक चिनी साहित्याची सुरुवात बहुतेक जण त्याच्यापासून धरतात.

ही हकीकत लू शुनने स्वतःच १९२२ मध्ये, आपल्या पहिल्या कथासंग्रहाच्या प्रस्तावनेत सांगितली आहे. दोन-तीन पानांचा मजकूर, पण त्यावर अभ्यासकांनी इतकं लिहिलंय की एखादं कपाट भरेल. साहित्याचे अभ्यासक नेमकं करतात तरी काय, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांच्यासाठी हे उत्तम उदाहरण आहे, म्हणून मी इथूनच सुरुवात केली.

सगळ्यात आधी त्यांनी विचारलं: हे खरंच घडलं का? १९६०च्या दशकात सेंडाईच्या विद्यापीठात त्या काळच्या काचांचा एक संच सापडला. त्यात हे चित्र नाही. मात्र संचातल्या काही काचा गहाळ आहेत, त्यामुळे 'नव्हतंच' असंही छातीठोकपणे म्हणता येत नाही. दुसरी गोष्ट आणखी बोलकी आहे. सेंडाईतल्या आपल्या शिक्षकांवर, फुजिनो सरांवर, लू शुनने १९२६ मध्ये एक लेख लिहिला. त्यात हाच प्रसंग पुन्हा येतो, पण तिथे त्या माणसाला गोळ्या घालतात. चार वर्षांत तलवारीच्या जागी बंदूक आली. स्मरणशक्तीने दगा दिला म्हणा, किंवा लेखकाने प्रसंग दोनदा रचला म्हणा. लिओ ओ-फान ली यांच्यासारख्या अभ्यासकांनी दुसरी शक्यता गांभीर्याने घेतली. ही प्रस्तावना साक्ष म्हणून न वाचता साहित्य म्हणून वाचा, असा तो आग्रह होता.

मग प्रश्न बदलला. हाँगकाँगमध्ये वाढलेल्या रे चाऊ यांनी १९९५ मध्ये विचारलं की, सगळे म्हणतात इथे साहित्याचा जन्म झाला, पण त्या तरुणाला हादरा बसला तो कशामुळे? पुस्तकामुळे नाही, पडद्यावरच्या चित्रामुळे. आपलीच माणसं मोठी होऊन, उजेडात, परक्यांच्या नजरेखाली. आणि तो स्वतःही त्या क्षणी बघ्यांपैकीच एक. चाऊ यांच्या मते आधुनिक चिनी साहित्याच्या मुळाशी दृश्यमाध्यमाचा हा धक्का आहे, आणि साहित्यिकांनी लेखणीकडे वळून तो झाकून टाकला. मला स्वतःला हे वाचन फार मोलाचं वाटतं. एकदा ते डोक्यात बसलं की प्रस्तावनेतला शब्द न् शब्द वेगळा दिसायला लागतो.

त्याच वर्षी लिडिया ल्यू यांनी तिसऱ्याच बाजूने हात घातला. 'आपल्या लोकांच्या मनात खोट आहे, राष्ट्राच्या स्वभावातच रोग आहे' ही कल्पना लू शुनकडे आली कुठून? 'राष्ट्रीय स्वभाव' हा शब्दच मुळात जपानीतून चिनीत आलेला. आणि चिनी स्वभावाची यादी करणारं एक पुस्तक लू शुनने जपानी अनुवादात वाचलं होतं. ते लिहिलं होतं आर्थर स्मिथ या अमेरिकन मिशनऱ्याने: चिनी माणसाला चारचौघांत अब्रू राखायची फार काळजी, त्याला वेळेची किंमत नाही, त्याला सहानुभूती नाही, अशा धर्तीचं. १९३६ च्या ऑक्टोबरमध्ये, मृत्यूच्या काही दिवस आधीसुद्धा, या पुस्तकाचा चिनी अनुवाद कोणीतरी करावा अशी इच्छा लू शुनने लिहून ठेवली. म्हणजे चिनी माणूस आरशात बघत होता खरा, पण आरसा दुसऱ्याने बनवलेला होता.

ल्यू इथेच थांबत नाहीत, आणि म्हणून त्या मोठ्या. त्या लू शुनच्या सर्वांत गाजलेल्या पात्राकडे वळतात, आ क्यूकडे. गावातला हा मजूर कुणाचाही मार खातो आणि मनातल्या मनात स्वतःला विजयी ठरवतो. बहुतेकांनी त्याला 'चिनी स्वभावाचा नमुना' म्हणून वाचलं. पण गोष्ट सांगणाऱ्याकडे बघा. सुरुवातीलाच तो अडतो: या माणसाचं आडनाव माहीत नाही, नाव कोणत्या अक्षराने लिहायचं तेही माहीत नाही. शेवटी तो नावाचा उच्चार इंग्रजी लिपीत लिहितो आणि त्याचं पहिलं अक्षर 'क्यू' तेवढं ठेवतो. चिनी माणसाचा नमुना म्हणून मिरवलेल्या पात्राच्या नावात एक परकं अक्षर बसलंय! आणि शेवटी, देहान्ताच्या शिक्षेआधी, आ क्यूला कागदावर सही करायला सांगतात. त्याला लिहिता येत नाही. मग निदान एक वर्तुळ तरी काढ म्हणतात. तो जीव एकवटून काढतो, हात थरथरतो, आणि वर्तुळाऐवजी कलिंगडाच्या बीसारखा आकार उमटतो. लोक हसतील म्हणून त्याला लाज वाटते. मरणाच्या दारात त्याला टोचते ती न जमलेली गोलाई. लिहिणारा आणि लिहिता न येणारा यांच्यातली ही दरी लू शुनला नीट दिसत होती, आणि म्हणून त्याच्या कथेला मिशनऱ्याच्या यादीची नक्कल म्हणता येत नाही, असं ल्यू दाखवतात.

आता लिहिण्याचा विषय निघालाच आहे तर भाषेबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण ते कळल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

दोन हजारांहून अधिक वर्षं चीनमध्ये प्रतिष्ठेचं लेखन एका अभिजात लेखी भाषेत होत होतं. ती कुणाच्याही घरात बोलली जात नव्हती. सरकारी परीक्षा त्याच भाषेत, आणि परीक्षा पास होणं म्हणजे अधिकारी होणं. बोलीच्या जवळ जाणाऱ्या भाषेत मोठमोठ्या कादंबऱ्या लिहिल्या गेल्या होत्या, पण त्यांना वजन नव्हतं. १९०५ मध्ये त्या परीक्षा बंद झाल्या. १९१२ मध्ये राजेशाही गेली. १९१७ मध्ये हू श या तरुण विचारवंताने 'नवतारुण्य' नावाच्या मासिकात लेख लिहून सांगितलं की साहित्य बोलत्या भाषेतच व्हायला हवं. पुढच्याच वर्षी, मे १९१८ मध्ये, त्याच मासिकात लू शुनची एका वेड्याच्या रोजनिशीची कथा आली.

ही कथा उघडली की पहिला परिच्छेद अभिजात भाषेत आहे. शांत, सभ्य सूर: माझ्या मित्राचा भाऊ आजारी होता, आता बरा होऊन सरकारी नोकरीच्या प्रतीक्षेत आहे, ही त्याच्या आजारपणातली वही. त्याखाली वही सुरू होते, आणि भाषा एकदम बदलते, बोलती होते. वेड्याला सगळे लोक एकमेकांना खाताना दिसतात. रात्रभर तो इतिहासाचं पुस्तक वाचतो, पानापानावर नीती आणि सद्‌गुण लिहिलेले, पण ओळींच्या मधल्या जागेत त्याला एकच गोष्ट लिहिलेली दिसते: 'माणसं खा'. ज्या भाषेला आजवर मान नव्हता त्या भाषेत वेडा खरं बोलतो, आणि प्रतिष्ठेची भाषा सांगते की तो बरा होऊन नोकरीची वाट बघतोय. अनुवादात ही फट बहुधा बुजून जाते. दोन भाषांचा फरक डोळ्यांना दिसेल असा अनुवाद कुणी मराठीत केला तर तो वाचायला मला फार आवडेल.

नव्या भाषेला नवे शब्दही लागले. एकच सांगतो. चिनीत 'तो' आणि 'ती' दोन्हींचा उच्चार 'था', आणि लिहायचेही एकाच अक्षराने, ज्यात 'माणूस' हे चिन्ह डाव्या बाजूला असतं. युरोपीय भाषांमधून अनुवाद करताना अडचण व्हायला लागली, तेव्हा १९२०च्या सुमारास कवी ल्यू पान्नोंग यांनी 'ती'साठी वेगळं अक्षर पुढे आणलं: 'माणूस' चिन्ह काढून तिथे 'स्त्री' हे चिन्ह. आज ते सर्रास वापरतात. पण १९३०च्या दशकात स्त्रियांच्या एका मासिकाने ते वापरायला नकार दिला. म्हणणं साधं होतं: पुरुषाच्या सर्वनामात माणूस शिल्लक आहे, मग आमच्याच सर्वनामातून माणूस का काढला?

हे सगळं मे १९१९ च्या विद्यार्थी आंदोलनाच्या आगेमागे घडलं. पहिल्या महायुद्धानंतर चीनच्या शांतुंग प्रांतावरचा जर्मनीचा हक्क चीनला परत न देता जपानला दिला गेला, म्हणून ४ मे रोजी पेकिंगमधले (म्हणजे बीजिंगमधले) विद्यार्थी रस्त्यावर उतरले. 'चार मे' हे पुढे एका अख्ख्या युगाचं नाव झालं, आणि शाळेच्या पुस्तकांत गोष्ट अशी बसली की आधुनिक चिनी साहित्य तिथे जन्मलं, देशाला जागं करत १९४९च्या कम्युनिस्ट क्रांतीपर्यंत पोचलं.

ही सरळ रेघ पहिल्यांदा मोडली ती अमेरिकेत. १९६१ मध्ये सी. टी. श्या यांनी इंग्रजीत आधुनिक चिनी कथासाहित्याचा इतिहास लिहिला. श्या शांघायकडून अमेरिकेत आलेले, कम्युनिस्टांचे कडवे विरोधक. त्यांनी लू शुनपेक्षा जास्त पानं दिली आयलीन चांग यांना. ही बाई १९४३ मध्ये, जपान्यांच्या ताब्यातल्या शांघायमध्ये, प्रेम, पैसा आणि मोडकळीला आलेल्या घराण्यांच्या कथा लिहून एकदम प्रसिद्ध झाली. तिच्या कथेत क्रांती नाही, घोषणा नाहीत. १९५२ मध्ये ती हाँगकाँगला गेली, पुढे अमेरिकेला, आणि मायदेशातल्या इतिहासाच्या पुस्तकांतून तिचं नाव नाहीसं झालं. शेन त्सोंगवन यांचंही तसंच. हुनानच्या डोंगरी मुलखाच्या कथा लिहिणाऱ्या या माणसाने १९४९ नंतर कथा लिहिणं जवळजवळ सोडलं आणि संग्रहालयात बसून जुन्या चिनी पोशाखांचा अभ्यास केला. श्यांनी त्यांनाही मोठ्या लेखकांत बसवलं.

प्रागमधले यारोस्लाव प्रूशेक खवळले. ते स्वतः लू शुनशी पत्रव्यवहार केलेले, चिनी डाव्या लेखकांबद्दल आपुलकी असलेले. १९६२ मध्ये त्यांनी लांबलचक परीक्षण लिहून श्यांवर राजकीय आकसाचा आरोप केला. पुढच्या वर्षी श्यांनी तितकंच लांब उत्तर दिलं. शीतयुद्धाच्या दोन बाजूंना बसलेले दोन विद्वान एकाच कथेत दोन निराळ्या गोष्टी वाचत होते. आज वाचताना दोघांचंही काही खरं वाटतं. श्यांचा राग त्यांच्या वाक्यांत दिसतो हे खरंच. पण त्यांच्यामुळे आयलीन चांग परत मिळाली, हेही तितकंच खरं, आणि माझ्या लेखी हे दुसरं पारडं जड आहे.

कुणाला वाचायचं हे सरकारं ठरवत होती, आणि फक्त पेकिंगमध्येच नाही. तैवानमध्ये १९४९ ते १९८७ लष्करी कायदा होता. तिथे चांग वाचायला मिळायची, पण लू शुनवर बंदी. एकाच भाषेच्या दोन किनाऱ्यांवर दोन अर्धे-अर्धे इतिहास. १९८५ मध्ये पेकिंगच्या तीन तरुण अभ्यासकांनी 'विसाव्या शतकाचं चिनी साहित्य' एकसंध बघा, राजकीय घटनांप्रमाणे त्याचे तुकडे पाडू नका, असं मांडलं. १९८८ मध्ये शांघायच्या एका नियतकालिकात 'साहित्याचा इतिहास पुन्हा लिहू या' असं सदरच सुरू झालं. आणि १९९७ मध्ये डेव्हिड डर-वै वांग यांनी आणखी मागे बोट दाखवलं: चार मेच्या आधी, राजेशाहीच्या शेवटच्या दशकांत, विज्ञानकथा, हेरकथा, गणिकांच्या कादंबऱ्या लिहिल्या जात होत्याच की! त्यांतली आधुनिकता नंतरच्यांनी दाबून टाकली.

आतापर्यंत भांडण 'केव्हा' आणि 'कोण' यांवर होतं. गेल्या तीसेक वर्षांत ते 'कुठे'वर आलं, आणि इथे आपल्याला आपल्याच एका शब्दाकडे बघावं लागतं. मराठीत आपण देश, माणूस, भाषा, जेवण, झालंच तर बरणीची माती, सगळ्याला 'चिनी' म्हणून मोकळे होतो. चिनी भाषेत असं होत नाही. 'चोंगक्वो रन' म्हणजे चीन या देशाचा माणूस. 'ह्वा रन' म्हणजे वंशाने, संस्कृतीने चिनी, मग पारपत्र कुठलंही असो. 'हान' म्हणजे चीनमधल्या ५६ मान्य जमातींपैकी सर्वांत मोठी. भाषेचंही तसंच. आपण जिला मँडरिन म्हणतो ती चीनमध्ये 'फूथोंगह्वा', म्हणजे सर्वसामान्यांची भाषा. तैवानमध्ये 'क्वोयू', राष्ट्रभाषा. सिंगापूर-मलेशियात 'ह्वायू', ह्वा लोकांची भाषा. थोड्याफार फरकाने तीच बोली, पण नाव घेतलं की तुम्ही कुठे उभे आहात ते कळतं. 'चिनी साहित्य' म्हणताना यातलं नेमकं काय म्हणायचं?

२००० मध्ये काओ शिंगच्येन यांना साहित्याचं नोबेल मिळालं. ते चिनीत लिहीत होते, पण पॅरिसमध्ये राहत होते आणि फ्रेंच नागरिक होते. पेकिंगने हा पुरस्कार राजकीय म्हणून झिडकारला. २०१२ मध्ये चीनमध्येच राहणाऱ्या मो यान यांना मिळाला तेव्हा मात्र आनंद साजरा झाला.

इएन आंग यांची गोष्ट याच्या उलट बाजूची. इंडोनेशियातल्या सुराबायात, पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेल्या चिनी वंशाच्या घरात त्यांचा जन्म. वाढल्या नेदरलँड्समध्ये, अध्यापन ऑस्ट्रेलियात. चिनी येत नाही. नव्वदच्या दशकात तैवानमधल्या एका परिषदेत त्यांना बोलायला उभं राहून आधी खुलासा करावा लागला की चेहरा असा असला तरी मला तुमची भाषा येत नाही. युरोपात चेहऱ्यामुळे चिनी, तैवानात भाषेमुळे परक्या. या एका अवघडलेपणावरून त्यांनी पुढे अख्खं पुस्तक उभं केलं. रे चाऊ यांनीही १९९८ मध्ये विचारलं की, इंग्रजी कादंबरीच्या अभ्यासकाला कुणी 'इंग्रजपणा सिद्ध कर' म्हणत नाही, मग 'चिनीपणा' हीच कसोटी इथे कायम का लागते?

याला एक ठोस उत्तर शु-मै शी यांनी २००७ मध्ये सुचवलं. फ्रेंच बोलणारा प्रत्येक जण फ्रान्सचा नसतो, तशी चिनी भाषांमध्ये लिहिणारी माणसंही चीनची असायला हवीत असं नाही. त्यांनी देशाच्या जागी भाषा ठेवली. शी स्वतः कोरियात जन्मलेल्या, तैवानमध्ये शिकलेल्या, लॉस एंजेलिसमध्ये शिकवणाऱ्या. त्यांचं एक म्हणणं अनेकांना झोंबलं: तीन पिढ्या मलेशियात राहिलेल्या माणसाला 'परदेशस्थ चिनी' म्हणू नका. परदेशस्थपणाची कधीतरी मुदत संपते, त्यानंतर माणूस तिथलाच होतो. आणि चीन आणि तैवानच्या आतही त्यांनी हे लागू केलं. आलाय यांच्यासारखा तिबेटी लेखक चिनीत लिहितो. तैवानजवळच्या ऑर्किड बेटावरचा स्यामन रापोंगान आपल्या ताओ लोकांचा समुद्र, उडते मासे, होड्या चिनी अक्षरांत लिहितो. ही त्यांच्या घरातली भाषा नव्हे, सत्तेने आणि शाळेने आणलेली. मग त्या लेखनाला नुसतं 'चिनी' म्हणून कसं भागेल?

आक्षेपही आले, आणि ते पोकळ नाहीत. शी यांच्या आराखड्यात चीनच्या मुख्य भूमीवरचे बहुसंख्याक लेखक जवळपास बाहेर राहतात. वांग यांना हे पटलं नाही. मुख्य भूमीसकट सगळ्यांना एकाच संभाषणात आणायला हवं असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या संपादनाखाली २०१७ मध्ये निघालेल्या साहित्येतिहासात १४०हून अधिक जणांनी लिहिलंय, आणि तो १६३५ पासून सुरू होऊन २०६६ मध्ये, एका विज्ञानकथेच्या काळात, संपतो.

या सगळ्या वादात मला ज्या लेखकाकडे परत परत जावंसं वाटतं तो म्हणजे ह्वांग चिनशू. १९६७ मध्ये मलेशियातल्या जोहोरमध्ये जन्म, लहानपण रबराच्या मळ्यात, कॉलेजपासून तैवानमध्ये. मलेशियाच्या कागदपत्रांवर त्याचं नाव होक्येन या दक्षिण चिनी बोलीप्रमाणे 'किम च्यू', आडनाव 'ङ'. मँडरिनमध्ये तेच नाव 'ह्वांग चिनशू'. मलेशियात राष्ट्रीय साहित्य म्हणजे फक्त मलय भाषेतलं, त्यामुळे तिथे तो राष्ट्रीय लेखक नाही. चीनचा तर नाहीच. तैवानमध्ये तो आग्नेय आशियातून आलेला.

त्याच्या एका कथेत एक इंग्रज माणूस चिनी अक्षरांनी वेडावून जातो. त्याला चिनीत एक महान कादंबरी लिहायची असते, आणि कागद म्हणून तो निवडतो मळ्यांवर राबायला आणलेल्या कुलींच्या पाठी. एकेका पाठीवर तो अक्षरं गोंदवत जातो. त्याच कथेत दुसरा एक माणूस, चिनी, कासवांच्या कवचांवर कोरत बसतो, कारण तीनेक हजार वर्षांपूर्वी चिनी अक्षरं पहिल्यांदा अशीच कवचांवर आणि हाडांवर कोरली गेली होती. कुली मात्र म्हातारे होतात, पांगतात, मरतात, आणि ज्याच्या पाठीवर मजकूर आहे त्याला स्वतःला तो कधीच वाचता येत नाही.